क्वार्टरपासून घरापर्यंत

सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने मंडळाची पहिली सभासद-यादी आम्ही बाहेर काढली, तेव्हा नावांपेक्षा पत्त्यांनीच आमचे लक्ष अधिक वेधून घेतले. सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम, लोदी कॉलनी. पुढे ब्लॉक आणि क्वार्टरचा क्रमांक. मधूनच करोलबागेतील एखादी भाड्याची खोली, कोठे गच्चीवरची बरसाती. स्वतःचे म्हणावे असे घर त्या यादीत हुडकूनच काढावे लागते. आजच्या यादीत जनकपुरी, रोहिणी, मयूर विहार, द्वारका आणि पलीकडचे नोएडा. या दोन याद्यांमधला काळ म्हणजे दिल्लीत मराठी माणसाने घर कसे मिळविले याचा इतिहास होय. तो सांगताना, आज घर घेऊ पाहणाऱ्यांस उपयोगी पडतील अशा काही गोष्टीही ओघाने येतील.

घराची खरी निकड आम्हांस जाणवे ती निवृत्ती जवळ आल्यावर. केंद्र सरकारच्या नोकरीत १९६२ पासून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती असे. १९९८ मध्ये ही मर्यादा साठ झाली. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच क्वार्टरची किल्ली परत करावी लागे. गावच्या वाड्यात भावांचे संसार वाढलेले, मुले इकडच्या शाळा-कॉलेजांत रुळलेली. घरबांधणीसाठी सरकारी कर्ज १९५६ पासून मिळत होते, परंतु जमीन कोठे होती? शहरवाढीसाठी लागणारी जमीन सरकारने स्वतः संपादन करून विकसित करावी आणि भाडेपट्ट्याने द्यावी, असे धोरण १९६१ साली ठरले. त्यामुळे सामान्य नोकरदाराच्या आशा १९५७ साली स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणावर, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'डीडीए'वर, केंद्रित झाल्या.

१९७९ साली डीडीएने नवी नोंदणी योजना काढली. मध्यम उत्पन्न, अल्प उत्पन्न आणि जनता अशा तीन गटांत मिळून सुमारे १ लाख ७१ हजार लोकांनी नावे नोंदविली. नोंदणीची पावती घरोघरी देवघरातल्या पोथीखाली जपून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. पुढे कित्येकांना दहा-पंधरा वर्षे आणि काहींना त्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली. शिवाय किंमत द्यावयाची ती नोंदणीच्या वेळची नव्हे, तर वाटपाच्या वेळची. ज्याने तरुणपणी नाव नोंदविले, त्याला घर मिळाले तेव्हा त्याचा मुलगा कमावता झाला होता.

या प्रतीक्षेत आमच्या लोकांवर एक विशेष संकट आले. सरकारी माणसाची बदली व्हायचीच. सोडतीत नंबर लागे, मागणीपत्र निघे आणि ते जाई जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर. तेथे दुसरेच बिऱ्हाड. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे पत्र असेच परत गेले आणि वाटप रद्द झाले; पुढील काही वर्षे त्यांच्या पत्नीने कचेरीचे जिने चढण्यात घालविली. घर शेवटी मिळाले, परंतु ते पाहण्यास गृहस्थ उरले नव्हते. त्या बाईंजवळ एकच शस्त्र होते : पत्ता बदलल्याचा अर्ज कचेरीत दिल्याची शिक्क्यासह पोच. कोणत्याही कचेरीत अर्ज दिला की त्याची पोच घ्यावी आणि ती घर विकेपर्यंत जपावी, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

मिळालेले घर तरी पूर्णपणे आपले कोठे होते? जमीन भाडेपट्ट्याची. ती विकावयाची तर परवानगी हवी आणि वाढलेल्या किमतीतील मोठा वाटा पट्टा देणाऱ्याला द्यावा लागे. यातून पळवाट निघाली ती मुखत्यारपत्राची. विकणाऱ्याने साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र करून द्यावयाचे, घेणाऱ्याने पैसे मोजून राहावयास जावयाचे; सरकारदरबारी नाव मात्र मूळ मालकाचेच. ऐंशीच्या दशकात आमच्यातील अनेकांनी अशीच घरे घेतली. स्वस्त पडत, लवकर मिळत; त्यांना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. तथापि साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबर संपते, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. मूळ मालक वारला आणि त्याचे वारस दाराशी उभे राहिले, म्हणजे वीस वर्षे राहिलेल्या माणसाची झोप उडे.

१९९२ मध्ये भाडेपट्ट्याची घरे फ्रीहोल्ड करून देण्याची योजना आली. मुखत्यारपत्रावर घेतलेल्यांनाही एक-तृतीयांश अधिभार भरून मालकी मिळू लागली. ज्यांनी त्या वेळी पैसे भरले ते शहाणे ठरले. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या जोडणीने स्थावराची मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणी झालेले खरेदीखतच हवे. म्हणून जुने घर घेताना कागदांची साखळी पहिल्या वाटपपत्रापासून ताडून पाहावी. मधला एक दुवा जरी मुखत्यारपत्राचा असला, तरी बयाणा देण्याआधी वकिलाकडे जावे.

आपल्याकडच्या माणसाला सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहण्याची सवय असते. दिल्लीच्या जुन्या गावठाणांत, ज्यांना येथे 'लाल डोरा' म्हणतात, तसा उतारा मागू गेल्यास निराशा पदरी येते. १९०८-०९ च्या जमाबंदीत गावाच्या वस्तीभोवती नकाशावर तांबडी रेघ ओढली गेली. रेघेच्या आतील घरांची मालकीनिहाय नोंद ठेवण्याची प्रथा पडलीच नाही. तेथे घर स्वस्त मिळते ते उगाच नाही.

कागद झाले, की पाण्याकडे पाहावे. सप्टेंबर १९७८ च्या पुरात यमुनेचे पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले आणि मॉडेल टाऊन, मुखर्जीनगर जलमय झाले. जुलै २०२३ मध्ये ते २०८.६६ मीटरवर गेले. नदीकाठच्या वस्तीत घर पाहताना शेजारच्या वृद्ध गृहस्थांना विचारावे, पाणी कोठवर आले होते. दलालापेक्षा ते खरे सांगतात. घर शक्य तर पावसाळ्यात पाहावे, म्हणजे ओल कळते. आणि वरच्या मजल्याचे असल्यास मे महिन्याच्या दुपारी. गच्चीखालची खोली त्या वेळी तव्यासारखी तापते.

राहावयास जाण्याचा सोहळा मात्र पन्नास वर्षांत फारसा पालटलेला नाही. आधी कलश आणि देव, मग मिठाची बरणी. गृहिणी नव्या चुलीवर दूध ऊतू जाऊ देते. पंजाबी शेजारीण दारातून पाहते आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येते. वास्तुशांत सवडीने होते. पूर्वी त्यासाठी गुरुजींची वाट पाहात कुटुंबे महिनोन् महिने थांबत; एका घरी तर मुलाच्या मुंजीबरोबरच ती उरकली. त्याच आठवड्यात वीजमीटर आणि घरपट्टीवर नाव चढवून घ्यावे, हे आम्ही नव्या बिऱ्हाडकरूस आवर्जून सांगतो. नंतर करू म्हणणाऱ्यांची वीजबिले वर्षानुवर्षे परक्या नावाने येत राहिलेली आम्हांस ठाऊक आहेत. त्यांपैकी एक बिल, अर्थात आमचेच, आजही फायलीत आहे.