हजेरी

शाळेत हजेरी, कारखान्यात हजेरी, रोजगार हमीच्या कामावर हजेरी... शब्द इतका रोजचा की त्याला कधीकाळी एक वेगळाच, बोचरा अर्थ होता हे आपण विसरून गेलो आहोत. पारधी, कैकाडी, रामोशी घरांत मात्र तो अर्थ इतक्या सहज पुसला गेला नसावा. मध्यंतरी पायात घालायच्या जीपीएस कड्यांबद्दल वाचत होतो आणि वाचता वाचता गाडी थेट या हजेरीपाशी येऊन थांबली. कशी ते सांगतो.

इंग्रजांनी १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. आधी तो उत्तरेकडे लागू होता, १९११ च्या कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात सरकारने एकदा 'गुन्हेगार' ठरवली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. मग ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे किंवा गावच्या पाटलापुढे जाऊन उभं राहायचं. गाव सोडायचं तर कळवून, परवानगीचा कागद जवळ ठेवून. आलं-गेलं कळवण्याची जबाबदारी पाटील आणि जागल्यावरही टाकलेली होती. म्हणजे चोरी केली म्हणून हजेरी नव्हे, अमक्याच्या पोटी जन्माला आलात म्हणून हजेरी! सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड आख्खी वसाहतच होती, तिला लोक सेटलमेंट म्हणतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय त्यांना या जगण्याबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी (विशेषतः आमच्या घरातल्या नव्या पिढीने) जरूर वाचावं.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद करून टाकली. बाकीच्यांना थांबावं लागलं. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं! ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. म्हणून आज 'विमुक्त' हा शब्द आहे. असो.

आता कड्याकडे. साठच्या दशकात हार्वर्डमध्ये राल्फ आणि रॉबर्ट श्वित्झगेबेल या जुळ्या भावांनी, सुटून आलेल्या तरुण गुन्हेगारांच्या अंगावर बाळगायचं एक रेडिओ यंत्र बनवलं. हेतू चांगला होता. मुलगा वेळेवर कामावर पोचला की त्याला शाबासकी द्यायची, म्हणजे तो सुधारेल. शाबासकी राहिली बाजूला, पाळत तेवढी उरली. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशाने पहिल्यांदा एका माणसाच्या घोट्याला असं कडं बांधायचा हुकूम दिला. त्याला ही कल्पना सुचली ती स्पायडरमॅनच्या चित्रकथेवरून. तिच्यात खलनायक स्पायडरमॅनच्या मनगटाला माग काढणारं यंत्र अडकवतो. न्यायाधीशाने नेमकी खलनायकाची युक्ती उचलावी, ही गंमत मला काही केल्या पचत नाही.

सुरुवातीची कडी अगदी भाबडी होती. घरात एक पेटी, पायात एक छोटा ट्रान्समीटर. माणूस पेटीपासून लांब गेला की पेटी फोनवरून कळवणार. तो घरात नाही एवढंच समजे, कुठे आहे ते नाही. ते समजायला लागलं जीपीएस आल्यावर.

जीपीएस म्हणजे वरून उपग्रह आपल्याला बघत असतो असा अनेकांचा समज असतो. तसं अजिबात नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह फक्त एकसारखं ओरडत असतात, 'मी इथे आहे, आत्ता इतके वाजले'. आपल्याजवळचं यंत्र ते ऐकतं आणि संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. तीन उपग्रहांवरून जागा ठरते आणि चौथा लागतो तो आपल्या यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारायला. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो! म्हणजे उपग्रहाला तुम्ही कोण, कुठले, काहीही ठाऊक नसतं. चुगली करतं ते कड्यातलं सिमकार्ड. जागा मोबाईलच्या टॉवरमार्फत कचेरीतल्या संगणकाला कळवली जाते आणि आखून दिलेली हद्द ओलांडली की तिकडे सूचना वाजते. पट्ट्यातून तार किंवा प्रकाशतंतू ओवलेला असतो. पट्टा कापला की तो तुटतो आणि लगेच बोंब होते. पण उंच इमारतींच्या गल्लीत किंवा पत्र्याखाली हिशेब चुकतो, आणि बॅटरी रोज चार्ज करावी लागते. ज्याच्या घरी भारनियमन, त्याने काय करावं?

आपल्या जिल्ह्यात हे तंत्र आलं ते माणसासाठी नव्हे, बिबट्यासाठी. प्रवरेकाठच्या उसात बिबट्या आम्हाला नवा नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढला, विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याला जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडला. नाव ठेवलं आजोबा. हे आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालत, कसाऱ्याजवळून रेल्वे आणि हमरस्ता ओलांडत, वसईची खाडी पोहून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले! वाटेत एकाही माणसाला त्रास नाही. पुढे पट्टा बंद पडला आणि २०११ च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने ते गेले. ओळख पटली कातडीखालच्या चिपवरून. पट्ट्यामुळे आजोबांची बदनामी कमी झाली, हे मान्य करायलाच हवं.

माणसांच्या बाबतीत असं होईल? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. त्यांनी कुठलाच गुन्हा केलेला नव्हता. हजेरीपुस्तकच मनगटावर चढलं, एवढंच. २०२३ च्या नोव्हेंबरात जम्मूमध्ये जामिनावरच्या एका आरोपीच्या पायात देशातलं असं पहिलं कडं आलं. त्याच वर्षीच्या केंद्राच्या आदर्श कारागृह कायद्यातही, कैद्याची तयारी असेल तर असं यंत्र घालून रजेवर सोडण्याची तरतूद आहे.

कड्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. आपल्या तुरुंगांतल्या दर चारांपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यातल्या एखाद्याला कोठडी की कडं असं विचारलं तर तो काय म्हणेल हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि कडं निदान एका माणसाच्या पायात पडतं, कोर्टाच्या हुकमाने. हजेरी आख्ख्या जमातीला होती. पण हजेरी देऊन माणूस घरी तरी जायचा, कडं झोपेतही सुटत नाही. नुसतं सोयीचं आहे म्हणून ते जामिनावरच्या प्रत्येकाला घालायला लागले तर मला ते मुळीच रुचणार नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे याच जातीचा प्रश्न आला होता. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना अट घातली होती की गूगल मॅप्सवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला आपला ठावठिकाणा दिसत ठेवायचा. न्या. अभय ओक (आपले ठाण्याचे) आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवणं म्हणजे त्याला जवळपास कोंडून ठेवणंच झालं, घटनेच्या २१ व्या कलमात ते बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि खटला चालू असताना गूगलनेच न्यायालयाला लिहून दिलं की पिन टाकल्याने माणूस त्या क्षणी कुठे आहे ते कळतच नाही.