शिष्यवृत्तीचा दोर कोणाच्या हाती?

मालवणला शिक्षकांच्या एका शिबिरात विद्यार्थ्यांच्या परदेशी देवाणघेवाणीचा विषय निघाला. अशा कामासाठी संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची तर केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, असे आम्ही सांगितले. तेव्हा एक गुरुजी म्हणाले, "पैसे तेंचे, झील आमचो, मगे सरकार मधी कित्याक?" प्रश्न रास्त आहे, आणि शंभर वर्षांहून जुना आहे.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, १९०४ साली मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन अभियांत्रिकी शिकायला एडिंबरोला गेले. तेथे त्यांनी ब्रिटिश राज्यावर टीकेचे भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनला 'इंडिया हाउस' हे वसतिगृह काढले. त्यांच्या शिष्यवृत्त्यांनाही अट होती: पुढे इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. १९०६ साली सावरकर लोकमान्यांच्या शिफारशीने, शिवाजी शिष्यवृत्तीवर तेथेच पोचले. थोडक्यात, देणारा कोणीही असो, पैशाला दोर बांधलेला असतोच.

सरकार सावध झाले. १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती नेमली गेली. १९०९ मध्ये लंडनला हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी निघाली आणि टी. डब्ल्यू. अर्नोल्ड शैक्षणिक सल्लागार झाले. प्रवेशाची, राहण्याची माहिती देणे हे कचेरीचे काम. पण हा मदतीचा हात की पाळतीचा डोळा, असा संशय विद्यार्थ्यांना येई. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलींचा वध केला आणि दोन्ही बाजूंचा अविश्वास वाढला. त्यात समितीचा अहवाल गुप्त ठेवलेला! तो उजेडात आला थेट १९२२ साली, लिटन समितीच्या अहवालाबरोबर.

स्वातंत्र्यानंतर रीत बदलली. २ फेब्रुवारी १९५० रोजी नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी फुलब्राइट करारावर सह्या केल्या. कारभार दोन्ही देशांच्या सदस्यांच्या मंडळाकडे आला. देणग्यांसाठी मात्र १९७६ साली, आणीबाणीत, कायदा झाला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली.

गुरुजींना आम्ही एवढेच म्हटले: सरकार मध्ये येणारच. पण नियम छापलेला आहे का, तो सर्वांना सारखा आहे का आणि नकाराचे कारण मिळते का, हे तीन प्रश्न विचारायला वर्गात शिकवू या. १९०९ च्या विद्यार्थ्यांना त्यांतला पहिलासुद्धा विचारता आला नव्हता.