जिथे साठवण तिथेच गणित

संगणकात माहिती एका जागी साठवायची आणि तिच्यावरची आकडेमोड दुसऱ्या जागी करायची, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गनियमच वाटावी. वस्तुतः जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित यंत्राविषयी जून १९४५ मध्ये लिहिलेल्या कच्च्या अहवालामुळे ती रूढ झाली, आणि निर्वात नळ्या व पाऱ्याच्या विलंबवाहिन्या यांवरच भागवावे लागण्याच्या त्या काळात ती मुख्यतः सोयीची होती. या सोयीची किंमत अशी की प्रत्येक संख्या स्मृतीतून प्रक्रियकाकडे, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या भागाकडे, आणावी लागते आणि उत्तर परत न्यावे लागते. जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात या अरुंद वाटेला फॉन नॉयमन यांचेच नाव जोडले.

मेंदूतील चेतापेशींच्या जोडण्यांवरून सुचलेल्या न्यूरल नेटवर्क या गणिती रचनेला ही वाट सर्वाधिक जाचते. तिच्यात प्रत्येक जोडणीला एक संख्या दिलेली असते, तिला भार म्हणतात. आत येणाऱ्या संकेतांना आपापल्या भाराने गुणून त्या गुणाकारांची बेरीज करणे हेच तिचे बहुतांश काम होय. गुणाकार स्वस्त असतो, पण भार दूरच्या स्मृतीतून आणण्यास एका गुणाकाराच्या शेकडो पट ऊर्जा लागू शकते. म्हणूनच ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की या शाखेतील आरंभीच्या यंत्रांनी ती विभागणी मुळात स्वीकारलीच नव्हती.

फ्रँक रोझेनब्लाट यांची परसेप्ट्रॉन या शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कची कल्पना आधी आयबीएम ७०४ या अंकीय संगणकावर पडताळली गेली असली, तरी बफेलो येथील कॉर्नेल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीत उभ्या राहिलेल्या मार्क वन परसेप्ट्रॉनमध्ये ४०० प्रकाशसंवेदी घट होते आणि भार विजेच्या मोटारींनी फिरवल्या जाणाऱ्या बदलत्या रोधकांत धरलेले होते. यंत्र शिकत असे म्हणजे शब्दशः त्याच्या खुंट्या फिरत असत. स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये या खुंट्यांनाही रजा दिली. त्यांच्या ‘मेमिस्टर’मध्ये पेन्सिलीतल्या शिशाची कांडी तांब्याच्या मुलामा-द्रावणात बुडवलेली असे, एका दिशेने प्रवाह सोडला की कांडीवर तांबे चढून तिचा रोध कमी होई, उलट सोडला की तांबे उतरून तो वाढे. भार साठवणारी आणि त्या भाराने संकेत गुणणारी वस्तू एकच, हे तत्त्व याहून सुबोधपणे क्वचितच मांडले गेले असेल.

कार्ल्सरूहे येथील कार्ल श्टाइनबुख यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या ‘लेर्नमाट्रिक्स’ने या तत्त्वाला आजही टिकून असलेला आराखडा दिला. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी घ्यावी आणि प्रत्येक छेदनबिंदूवर बदलता येणारी वाहकता बसवावी. आजच्या जाळ्यांत आडव्या तारांवर संकेतांच्या प्रमाणात विभवांतर लावले की ओहमच्या नियमानुसार प्रत्येक छेदनबिंदूतून विभवांतर आणि वाहकता यांच्या गुणाकाराइतका प्रवाह वाहतो, आणि किर्चहॉफच्या नियमानुसार उभ्या तारेत ते सारे प्रवाह आपोआप मिळतात. हजारो गुणाकार आणि त्यांच्या बेरजा अशा एकाच वेळी होतात, आणि एकही भार जागचा हलत नाही.

तरीही हा मार्ग मागे पडला. मिन्स्की आणि पेपर्ट यांच्या १९६९ च्या ग्रंथातील परसेप्ट्रॉनवरच्या टीकेला त्याचे श्रेय नेहमी दिले जाते, परंतु खरे कारण अधिक रोखठोक होते: ट्रान्झिस्टर दर काही वर्षांनी लहान, वेगवान आणि स्वस्त होत गेल्याने विभागणीचा तोटा कोणाला बोचतच नव्हता. हॉफ स्वतः १९६८ मध्ये इंटेलमध्ये गेले आणि १९७१ च्या ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. मेमिस्टरचा सहनिर्माता विभागणी मानणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या विजयाचा शिल्पकार ठरला. हॅरल्ड स्टोन यांनी १९७० मध्ये स्मृतीच्या आतच तर्कमंडले बसवण्याची सूचना केली, तीही कागदावरच राहिली. इंटेलने १९८९ मध्ये १०,२४० भार विद्युतप्रभाराच्या रूपाने धरणारी एटॅन ही चिप आणली खरी, पण तिला बाजार मिळाला नाही.

ट्रान्झिस्टर लहान होण्याचा लाभ आटू लागला आणि न्यूरल नेटवर्कचा आकार बेसुमार वाढला, तेव्हा जुनी जाळी पुन्हा बाहेर निघाली. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेला मेमरिस्टर, म्हणजे आपल्यातून गेलेल्या विद्युतप्रभाराची आठवण ठेवणारा रोधक, आपल्याला गवसल्याचा दावा एचपीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये केला. आयबीएमने २०२३ मध्ये वर्णन केलेल्या चिपवर साडेतीन कोटी प्रावस्था-बदल घटक आहेत; त्यांतील पदार्थ स्फटिकमय वा अस्फटिक होऊन भार धरतो. अडचणीही मात्र जुन्याच वळणाच्या आहेत. अशा घटकाचा रोध काळानुसार आपोआप सरकतो, दोन घटक कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत, आणि तारेतील प्रवाहाचे अंकांत रूपांतर करणारी मंडले वाचवलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा गिळतात. बहुधा यामुळेच सॅमसंगने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या स्मृतिचिपमध्ये गणन करणारे घटक स्मृतीच्या कप्प्यांशेजारी बसवले असले, तरी ते पूर्णपणे अंकीय ठेवले; तिचे नाते श्टाइनबुख यांच्या जाळीपेक्षा स्टोन यांच्या सूचनेशी अधिक जवळचे आहे.