फोनातला व्हीपीएन घरचा कॅमेरा राखत नाही

भाईंदर पश्चिमेला, साठ फुटी रस्त्यापासून राई-मुर्ध्यापर्यंत, कॅमेरे लावून देणारेही हल्ली सांगतात: फोनात व्हीपीएन चालू ठेवा आणि चर्चगेटच्या लोकलमधून घर बिनधास्त बघा. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याने मिळणारा निर्धास्तपणा घातक आहे.

पूर्वपक्ष असा: स्टेशनवरच्या फुकट वायफायवर कोणी आपली वाहतूक टिपू शकतो, व्हीपीएन ती कूटबद्ध करतो, म्हणून कॅमेरा सुरक्षित. पहिली दोन विधानं मान्य. तिसरं त्यांतून निघत नाही. विकतच्या व्हीपीएनचा पहारा फोनापासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंतच असतो. कॅमेऱ्यावरचे मोठे हल्ले त्या वाटेवर झालेलेच नाहीत. ते थेट कॅमेऱ्यावर, चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर किंवा कंपनीच्या सर्व्हरवर होतात. तुमचा फोन तेव्हा बंद असला तरी काही बिघडत नाही.

२०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहिले आणि जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशी चूक सापडली की पासवर्डही लागत नव्हता. आणि राजकोट! फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूतिगृहात तपासणी चाललेल्या स्त्रियांची सीसीटीव्ही चित्रणं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं; अटक झालेल्यांत लातूर-सांगलीचेही होते. त्या बायकांच्या फोनात व्हीपीएन असता तर काय वाचलं असतं?

व्हीपीएन निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. तो उलट्या टोकाला बसवला जातो. बाहेरून दिसावं म्हणून राउटरमध्ये डीव्हीआरसाठी पोर्ट उघडला की तो साऱ्या इंटरनेटला दिसतो. तो बंद करून राउटरवरच वायरगार्डसारखा व्हीपीएन चालवला, तर आधी घरच्या नेटवर्कमध्ये शिरावं लागतं, मगच कॅमेरा दिसतो. ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. अडचण एवढीच की अनेक नेटवाले एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटतात, मग बाहेरून आपला राउटर थेट गाठता येत नाही. तिथे वेगळा स्थिर पत्ता मागावा, नाहीतर टेलस्केलसारखी सोय वापरावी.

‘आमचा कॅमेरा क्यूआर कोडवर चालतो, पोर्ट उघडाच नाही,’ हा पुढचा आक्षेप. खरं आहे, पण मग विश्वास कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या कॅमेरा-कंपनीच्या व्यवस्थापकीय खात्यातून घुसलेल्यांना सुमारे दीड लाख कॅमेरे खुले झाले होते. तेव्हाही बघणाऱ्यांच्या फोनातल्या व्हीपीएनचा उपयोग शून्य होता.

राहिला सामान्य माणसाला हे जमेल का, हा प्रश्न. वायरगार्ड सगळ्यांना जमणार नाही, हे मी मान्य करतो. पण मूळ पासवर्ड बदलणं, उघडे पोर्ट आणि ते आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद करणं, फर्मवेअर अद्ययावत ठेवणं या कामांना पैसे लागत नाहीत, आणि व्हीपीएनच्या वार्षिक वर्गणीपेक्षा त्यांचा आधार कितीतरी मोठा आहे. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा देखभाल करार नव्याने होताना सेक्रेटरींनी ही तिन्ही कामं त्यात लेखी घालून घ्यावीत, आणि डीव्हीआरचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, हेही सभेत विचारावं.