दोरावरच्या जुन्या खुर्च्या

वाफेच्या इंजिनामागे देशोदेशी हिंडणारे हौशी आपल्या परिचयाचे आहेत. जुन्या मोटारींचे शौकीन तर मुंबईच्या रस्त्यांवर आपली वाहने मिरवतात आणि त्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत झळकतात. या दोघांच्या मानाने फारशी कोणाला ठाऊक नसलेली एक जमात म्हणजे जुन्या रोप-वेंचा माग काढणारे प्रवासी. युरोप-अमेरिकेतील डोंगराळ भागांत ही मंडळी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चेअरलिफ्ट आणि छोट्या डब्यांचे गोंडोला शोधत फिरतात. डोंगरमाथ्यावर काय आहे यापेक्षा तिथवर नेणारे यंत्र कोणत्या कारखान्याचे, कोणत्या सालचे, खुर्ची दोराला कशी पकडते, खांबावर किती कप्प्या आहेत, याचेच त्यांना अधिक अगत्य. त्यांतील अनेकांना स्कीइंगशी काहीच देणेघेणे नसते. ते उन्हाळ्यात येतात, तिकीट काढून वर जातात, त्याच खुर्चीतून खाली येतात आणि पुन्हा तिकिटाच्या खिडकीशी उभे राहतात.

या छंदाला घाईची एक किनार आहे. निवृत्त झालेले इंजिन बागेत किंवा संग्रहालयात उभे करता येते; मुले त्यावर चढतात, फोटो काढतात, त्याचे इंजिनपण फारसे उणावत नाही. चेअरलिफ्टचे तसे नाही. दोन-अडीच किलोमीटर लांबीचे, डोंगरभर पसरलेले हे यंत्र छपराखाली आणता येत नाही आणि दोर थांबला की उरतात ते गंजणारे खांब. त्यामुळे जुनी चेअरलिफ्ट जतन करणे म्हणजे ती चालू ठेवणे. चालू ठेवायची तर दोर, कप्प्या, मोटर, विद्युत यंत्रणा, खुर्च्यांच्या पकडी असे सारे काही टप्प्याटप्प्याने बदलावे लागते. मग त्यात जुने काय उरले, हा प्रश्न हौशी मंडळींना कायम छळत असतो.

मुळात ही कल्पना केळ्यांवरून सुचलेली आहे. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रमुख अॅव्हरेल हॅरिमन यांनी १९३६ मध्ये आयडाहो राज्यात सन व्हॅली हे हिवाळी पर्यटनस्थळ उभारले. स्कीइंग करणाऱ्यांना डोंगरावर न्यायचे कसे, या प्रश्नावर रेल्वेच्या अभियंत्यांचा खल चालू असताना जेम्स करन या अभियंत्याला उष्ण प्रदेशातील बंदरांवर केळीचे घड जहाजात चढवणारी आकड्यांची साखळी आठवली. घडाच्या जागी खुर्ची टांगली की झाले! नेब्रास्कातील ओमाहा येथे ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून आणि चाकांचे बूट घातलेल्या माणसांना चालत्या खुर्चीवर बसवून चाचण्या घेण्यात आल्या. बर्फ नसलेल्या सपाट प्रदेशात बर्फावरच्या वाहनाचा जन्म व्हावा, हीही गंमतच. त्याच वर्षी डिसेंबरात जगातील पहिल्या चेअरलिफ्ट सन व्हॅलीत सुरू झाल्या. एका खुर्चीत एकच माणूस बसे.

या पहिल्या पिढीतील यंत्रांना एका जागी राहण्याचे भाग्य क्वचितच लाभले. सन व्हॅलीची एक चेअरलिफ्ट १९४८ मध्ये मिशिगनमधील बॉइन माउंटन येथे गेली. १९३९ ची दुसरी एक तर १९७४ मध्ये थेट अलास्कातील कॉर्डोव्हा या मासेमारीच्या गावी पोहोचली आणि तेथील माउंट आयाकवर उभी राहिली. मोठी पर्यटनस्थळे नवी यंत्रे घेतात आणि लहान गावे त्यांची जुनी विकत घेतात, या व्यवहारामुळे कित्येक यंत्रे वाचली. जुनी चेअरलिफ्ट शोधायची तर आडगावी जा, असे हौशी मंडळी म्हणतात त्यामागे हेच कारण.

एकासनी चेअरलिफ्टचे सर्वांत नावाजलेले उदाहरण मात्र आपल्या मूळ जागीच आहे. व्हर्मांट राज्यातील मॅड रिव्हर ग्लेन येथे १९४८ मध्ये अमेरिकन स्टील अँड वायर कंपनीने उभारलेली ही लिफ्ट. तिचे संस्थापक रोलंड पामेडो यांनी त्याआधी १९४० मध्ये त्याच राज्यातील स्टो येथेही एकासनी लिफ्ट उभी केली होती. ती १९८६ मध्ये मोडीत निघाली. मॅड रिव्हर ग्लेनची टिकली, कारण १९९५ मध्ये हा सारा डोंगर तेथे येणाऱ्या स्कीअरांनीच सहकारी संस्था स्थापून विकत घेतला. सहकाराचे बाळकडू मिळालेल्या महाराष्ट्रातील वाचकांना यात नवल वाटणार नाही. परंतु अमेरिकेत स्कीइंगचा डोंगर अशा रीतीने सभासदांच्या मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ होती.

साठीला पोहोचलेल्या या लिफ्टचे काय करायचे, असा प्रश्न पुढे सभासदांसमोर आला. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर दोन आसनांची नवी लिफ्ट बसवणे सोयीचे होते. तासाला अधिक माणसे वर गेली असती. नेमके तेच सभासदांना नको होते. वर माणसे कमी पोहोचली तर उतारावर गर्दी कमी, नैसर्गिक बर्फ टिकतो अधिक काळ, असा त्यांचा हिशेब. एकासनी लिफ्टच ठेवायची, असे ठरले आणि व्हर्मांटच्या वारसा-जतन न्यासाच्या साह्याने देणग्या उभ्या राहिल्या. २००७ च्या उन्हाळ्यात खांब हेलिकॉप्टरने उचलून खाली आणण्यात आले, खरवडून-रंगवून पुन्हा जागेवर बसवण्यात आले; पाये नव्याने ओतले गेले. खर्च १७ लाख डॉलरच्या घरात गेला. २०१२ मध्ये या स्थळाची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाली. दोर नवा, पाये नवे, बरेच सुटे भाग नवे. पण खांबांची रांग तीच आणि वर जाणारा माणूस आजही एकटाच. काटेकोर हौशी याला अस्सल मानतात की नाही यावर वाद होऊ शकेल. तेथे दर हिवाळ्यात रांग लावणाऱ्यांना तो वाद सुचत नाही.

स्वित्झर्लंडमधील कहाणी याच्या नेमकी उलट आहे, आणि या छंदातील जाणकारांना ती अधिक जिव्हारी लागलेली आहे. बर्नच्या फॉन रोल कंपनीने १९४५ मध्ये फ्लिम्स येथे चेअरलिफ्टचा एक वेगळाच प्रकार सादर केला. तोवर खुर्ची दोराला कायमची जखडलेली असे. चालत्या खुर्चीवर झटकन बसावे लागे आणि माणसांना झेपावे म्हणून दोराचा वेगही बेताचा ठेवावा लागे. फॉन रोलची खुर्ची स्थानकात शिरताच दोरापासून सुटे, रुळावर येऊन थांबे आणि प्रवासी निवांत बसल्यावर पुन्हा दोराला धरे. ही पकड खुर्चीच्या वजनानेच आवळली जाई. आजच्या आधुनिक लिफ्ट वेगाने धावतात आणि स्थानकात मंदावतात त्यामागे हेच तत्त्व आहे. फॉन रोलचे दुसरे वैशिष्ट्य डोळ्यांत भरणारे होते. दोन प्रवासी शेजारी बसत, डोक्यावर छोटेसे छप्पर असे आणि तोंड प्रवासाच्या दिशेला नसून कडेला असे. घराच्या ओसरीवर बसून समोरून सरकणारा डोंगर पाहावा तसा हा प्रवास.

अशा आडव्या खुर्च्यांच्या लिफ्ट स्वित्झर्लंडमध्ये ठिकठिकाणी उभ्या राहिल्या आणि एकेक करून गेल्या. ग्रिंडेलवाल्डची १९९१ मध्ये गेली. चेक-पोलिश सीमेवरील स्नेझका पर्वतावरची, १९४९ पासून चालणारी याच जातीची लिफ्ट २०१२ पर्यंत टिकली. सोलोथुर्न परगण्यातील वायसेनस्टाइन डोंगरावरची १९५० ची लिफ्ट मात्र वादाचा विषय ठरली. तिचा परवाना २००९ मध्ये संपला तेव्हा चालक कंपनीला तेथे बंद डब्यांचा नवा गोंडोला हवा होता. व्हीलचेअरवरील प्रवासी, लहान मुलांच्या गाड्या, पावसाळी हवा ही कारणे पुढे करण्यात आली आणि ती खोटी नव्हती. दुसरीकडे स्विस वारसा संस्था आणि 'प्रो सेसेली' या नावाने एकत्र आलेले लिफ्टप्रेमी यांचे म्हणणे असे, की डागडुजी करून जुनी लिफ्ट चालवता येते आणि राष्ट्रीय मोलाचे हे यंत्र मोडणे योग्य नाही. प्रकरण न्यायालयात गेले. तोवर खुर्च्या थांबलेल्या, डोंगरावर जायला वाहन नाही आणि गावकरी वैतागलेले. अखेर न्यायालयाचा कौल नव्या गोंडोलाच्या बाजूने लागला. जुनी लिफ्ट उतरवली गेली आणि २०१४ च्या डिसेंबरात नवे डबे धावू लागले.

या दोन उदाहरणांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. तंत्राच्या इतिहासात वायसेनस्टाइनच्या लिफ्टचे स्थान मॅड रिव्हर ग्लेनपेक्षा कमी नव्हते. बहुधा वरचेच होते. परंतु एका ठिकाणी रोज वापरणाऱ्यांनाच जुने यंत्र हवे होते आणि तेच मालकही होते, तर दुसऱ्या ठिकाणी ते हवे असणाऱ्यांच्या हाती केवळ दाद मागण्याचा अधिकार होता.

फॉन रोलच्याच घराण्यातील छोटे गोल डबे पाहायचे असतील तर डोंगरापेक्षा अमेरिकेतील मनोरंजन उद्याने बरी. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधला, मॅटरहॉर्नच्या कृत्रिम पर्वताच्या पोटातून जाणारा १९५६ चा आकाशमार्ग १९९४ मध्ये बंद झाला. ओहायोतील सीडर पॉइंट उद्यानाचा १९६२ चा आणि सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाचा १९६९ चा मार्ग ही त्याची भावंडे. इटलीचा प्रकार याहून न्यारा. गुब्बियो या मध्ययुगीन गावात १९६० पासून लोखंडी पिंजरे दोरावर फिरतात. पिंजऱ्यात बसायला जागा नाही, उभ्यानेच वर जायचे. लागो माजोरे सरोवराकाठचे लावेनो आणि एल्बा बेटावरील मोंते कापान्ने येथेही असेच उभ्याचे पिंजरे आहेत. पिंजरा थांबत नाही. कर्मचारी दार उघडून धरतो, प्रवाशाने आत पाऊल टाकायचे आणि तो दार लावून घेतो. डोलोमाइट पर्वतातील सासोलुंगोच्या दोन माणसांच्या अरुंद उभ्या डब्याला तर गिऱ्हाईकांनी शवपेटी असे नाव पाडले आहे.

अशा यंत्रात बसणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. २३ मे २०२१ रोजी इटलीतील मोत्तारोने येथे ओढदोर तुटून रोप-वेचा डबा कोसळला आणि १४ जण मृत्युमुखी पडले. वाचला तो एक पाच वर्षांचा मुलगा. हा रोप-वे १९७० चा होता. तथापि दोर तुटल्यावर डबा जागीच रोखणारा आपत्कालीन ब्रेक वारंवार अकारण लागत असल्याने तो निकामी करून ठेवण्यात आला होता, असे तपासात पुढे आले. आपल्याकडे झारखंडमधील त्रिकूट टेकडीवर एप्रिल २०२२ मध्ये तिघांचा बळी गेला, तो रोप-वे तर जुना म्हणण्याजोगाही नव्हता. वयापेक्षा देखभाल मोलाची, असे यातून दिसते. पण म्हणून वय बिनमहत्त्वाचे ठरत नाही. दोराची चुंबकीय तपासणी करून आतल्या तुटलेल्या तारा शोधाव्या लागतात. जखडलेल्या खुर्च्यांच्या पकडी ठरावीक काळाने दोरावर थोड्या पुढे सरकवाव्या लागतात, नाही तर एकाच जागी दोर झिजतो. बंद पडलेल्या कारखान्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ते घडवून घ्यावे लागतात आणि ते घडवू जाणणारे मेस्त्रीही निवृत्त होत जातात. बहुतेक जुन्या लिफ्ट अपघाताने बंद पडत नाहीत. या खर्चाने पडतात.

हा सारा मामला परदेशातलाच आहे असे मात्र नाही. बिहारमधील राजगीरच्या रत्नागिरी टेकडीवर एकासनी चेअरलिफ्ट आहे आणि तिचा बर्फाशी काडीचाही संबंध नाही. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी यांच्या पुढाकाराने या टेकडीवर उभारलेला विश्वशांती स्तूप १९६९ मध्ये पूर्ण झाला. भाविकांना वर नेणारी ही लिफ्टही त्याच काळातील, जपानकडून भेट म्हणून मिळालेली. फुजी गुरुजींचे महाराष्ट्राशी जुने नाते होते. १९३३ मध्ये ते वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले होते, आणि वर्ध्यातही त्यांच्या संप्रदायाचा विश्वशांती स्तूप आहे. राजगीरची लिफ्ट देव आनंद-हेमामालिनीच्या १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये झळकली आणि तेव्हापासून स्तूपाइतकीच तिचीही ख्याती झाली.

तेथे आजही सरकत्या खुर्चीपुढे खुणेच्या जागी उभे राहायचे, मागून खुर्ची टेकली की बसायचे आणि एकट्याने झाडांच्या शेंड्यांवरून जायचे, हीच रीत आहे. वृद्ध, लहान मुले आणि एकट्याने बसण्यास धजत नसलेल्यांसाठी २०२१ मध्ये शेजारीच आठ आसनी बंद डब्यांचा नवा रोप-वे सुरू झाला. त्यासाठी जुन्या खुर्च्या मोडीत काढल्या गेल्या नाहीत, हे विशेष. राजगीर पाटण्याहून सुमारे १०० किलोमीटरवर असून नालंदाचे भग्नावशेष तेथून जवळच आहेत. दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात.