रोमन बाटली चौकोनी का होती?

भिवंडीच्या गोदामांत एक गोष्ट हमखास दिसते, खोकी! एकावर एक, पार छतापर्यंत. गोल वस्तू मधली जागा फुकट घालवते, चौकोनी नाही. हे डोकं आपल्याच काळाचं, असं मला वाटायचं. मग रोमन काचेबद्दल वाचलं आणि चाट पडलो.

इ.स. पहिल्या शतकात रोमन लोक चक्क चौकोनी बाटल्या बनवत होते. साच्यात फुंकलेल्या, जाड, भक्कम कानाच्या आणि खोक्यात चपखल बसणाऱ्या. रंग निळसर-हिरवा, कारण वाळूत लोह असायचं.

त्याआधी काच म्हणजे श्रीमंतांचा थाट. पण इ.स.पू. पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात नळीने काच फुंकायची युक्ती निघाली आणि भाव कोसळले. स्ट्रेबो लिहितो की रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो. पेले, वाडगे, अत्तराच्या बोटभर कुप्या... काच घरोघरी गेली.

आपल्याकडे? भिवंडीशेजारचं कल्याण तेव्हा बंदर होतं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तिकेत ते 'कल्लिएना' म्हणून येतं. ग्रीक जहाज चुकून तिथे आलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत दारू, तांबं, पोवळं यांच्याबरोबर आहे 'कच्ची काच'. तयार भांडी नव्हे, वितळवून वापरायचा माल! घेणारा असल्याशिवाय असा माल कोण आणेल? म्हणजे काचेचं काम जाणणारे हात इकडेही होते.

मग एवढी काच गेली कुठे? उत्तर सोपं आहे, भंगारात. मार्शल हा रोमन कवी गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेणाऱ्या फेरीवाल्याचा उल्लेख करतो. आपल्या बोहारणीचा भाऊच म्हणा ना! इटलीत ग्रादोजवळ सापडलेल्या एका बुडालेल्या रोमन जहाजावर तर फुटक्या काचेने भरलेलं पिंप होतं. जुनी काच नव्या मालात घातली की ती कमी आचेवर वितळते, सरपण वाचतं.

म्हणून आज संग्रहालयात दिसणारी अखंड रोमन भांडी बहुतेक थडग्यांतली आहेत. मेलेल्यांना दिलेली टिकली. जिवंत माणसांनी रोज वापरलेली पुन्हा पुन्हा वितळत राहिली. रोजच्या जगण्याचा इतिहास असा, वापरात येतो म्हणूनच हरवतो.

असो. दर रविवारी आमच्या बिल्डिंगखाली भंगारवाला बाटल्या मोजून घेतो. दोन हजार वर्षांचा धंदा आहे राव त्याचा. यापुढे दोन रुपयांसाठी घासाघीस करणार नाही.