डुकरांतील स्वाइन फीव्हर : साथीचे निदान

डुकरांत अचानक मोठी मरतूक सुरू झाली, की संशय प्रामुख्याने क्लासिकल किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर जातो. नावे सारखी असली, तरी पहिल्याचा विषाणू आरएनए गटातील आणि दुसऱ्याचा डीएनए गटातील. दोहोंचे दूरचेही नाते नाही. पहिल्यावर लस आहे, म्हणून नेमके निदान महत्त्वाचे. भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हर प्रथम २०२० मध्ये अरुणाचल प्रदेश व आसाममध्ये आढळला.

लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. ४०–४२° से. ताप, चारा सोडणे, कान व पोटाची कातडी लाल-जांभळी होणे दोन्हींत दिसते. शवविच्छेदन थोडी दिशा देते. आफ्रिकन प्रकारात प्लीहा कित्येक पट फुगते, काळपट होते व बोटाने दाबताच कुस्करते. क्लासिकलमध्ये ती सहसा फुगत नाही, कडेला काळे डाग असतात. मात्र रक्तात विषाणू ठासून भरलेला असल्याने उघड्यावर केलेली चिरफाडच साथ पसरवू शकते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात अडचण शवविच्छेदनाच्याही आधी सुरू होते. नालीकाठी मेलेल्या मोकाट डुकराचा मालक पुढे येईलच असे नाही. मग आजार कधी सुरू झाला, हे सांगणार कोण? त्यात उन्हाळ्यात शव लवकर सडते. अशा वेळी लांब हाडातील मज्जा कामी येते. एरवी ईडीटीए नळीतील रक्त, प्लीहा व लसिका ग्रंथींचे तुकडे बर्फात पाठवतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन वापरणे टाळतात, कारण ते पीसीआर चाचणीत अडथळा आणते.

अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचे. तेथे पीसीआरने विषाणूचा जनुक शोधतात. केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबणे धोक्याचे : तीव्र साथीत डुक्कर प्रतिपिंडे तयार होण्याआधीच मरते, तर क्लासिकलची लस दिलेल्या कळपात ती निरोगी जनावरातही सापडतात.

आफ्रिकन प्रकार निश्चित झाल्यास केंद्राच्या कृती आराखड्यानुसार १ किमी परिघातील डुकरे मारून विल्हेवाट लावतात आणि १० किमीपर्यंत पाळत ठेवतात. रानडुकरांनाही लागण होते. माणसाला मात्र यांपैकी कोणताही रोग होत नाही. ‘स्वाइन फ्लू’शी त्यांची गल्लत सर्रास होते.